कपाटातले पणजोबा

१

कपाटाचं दार उघडलं आणि आतून पणजोबा नाहीसे झालेले दिसले.

म्हणजे पणजोबांचा मुखवटा. खरे पणजोबा माझ्या जन्माच्या कितीतरी आधी गेले होते. मागे राहिला होता तो त्यांचा मेणाचा चेहरा. जिवंतपणी साच्यात उतरवलेला, रंगवलेला, भुवयांसकट. रोमच्या दक्षिणेकडच्या आमच्या नोला गावात ज्या घरात कुणी नगराधिकारी होऊन गेला, त्या घराच्या मधल्या चौकात अशी कपाटं असायची. घरात कुणी गेलं की ती उघडायची, नट बोलवायचे. नटांनी मुखवटे चढवायचे, ज्याचा मुखवटा त्याचाच झगा घालायचा आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालायचं. गेलेल्या माणसाला त्याचे वाडवडील न्यायला येतात, असा त्याचा अर्थ.

आता गेले होते ते माझे आजोबा. आणि त्यांना न्यायला खुद्द त्यांचे वडीलच येणार नव्हते.

त्या कपाटाचा वास अजून माझ्या नाकात आहे. मेण, धूळ आणि सुकलेली तमालपत्रं. आजोबा मला कडेवर घेऊन सणासुदीला ती दारं उघडायचे आणि एकेकाची ओळख करून द्यायचे, "हा कंजूष, हा भांडकुदळ, हा देवभोळा, आणि हे माझे बाबा." बाबा म्हणताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. आज त्या घरात एक कापड रंगवणारा राहतो. त्या चौकात त्याची निळी कापडं वाळत असतात. मी तिकडून जाते तेव्हा मान वळवून आत डोकावते. म्हातारीला कोण काय म्हणणार?

मला कडेवर घ्यायचे, कारण माझा डावा पाय. जन्मतःच आत वळलेला. मी पावलाच्या कडेवर चालते, आजही. आमच्यात मूल जन्मलं की सुईण ते जमिनीवर ठेवते आणि घरातला कर्ता पुरुष उचलतो. उचललं तर ते घरचं. नाही उचललं तर ते घराबाहेर जातं, आणि मग त्याचं काय झालं हे कुणी विचारत नाही. माझी दाई सांगायची, मला ठेवलं तेव्हा सगळे पायाकडे बघत राहिले आणि माझे बाबा भिंतीकडे. आजोबांची कंबर तेव्हा धरलेली होती. तरी ते वाकले, मला उचललं आणि म्हणाले, "आमचीच आहे."

असा माणूस चौकात शय्येवर निजला होता, पाय दाराकडे करून. त्यांचे डोळे मिटले आणि घराची सत्ता बाबांकडे आली. बाबांचा कान होता आत्याआजीकडे.

आत्याआजी म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. तिचं नाव स्ताइया. माझंही स्ताइया. आमच्यात मुलींना वेगळं नाव ठेवायचे कष्ट कुणी घेत नाही, कुळाचंच नाव सगळ्यांना. ती थोरली, मी धाकटी. तिला हे कधी आवडलं नाही.

रिकाम्या कोनाड्यासमोर उभी राहून ती म्हणाली, "त्या पोरीच्या खोलीत बघा."

२

माझ्या उशीखाली एक मेणाचा पाय सापडला.

वीतभर लांबीचा, आत वळलेला. आत्याआजीने तो दोन बोटांत धरून सगळ्यांसमोर उंच केला. "घ्या! देवीला वाहायला पाय हवा होता ना हिला? मेण कुठून आणायचं? वितळवलं माझ्या बापाला!"

रोग्याने आपला दुखरा अवयव मेणाचा नाहीतर मातीचा करून देवीच्या झऱ्यावर वाहायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. त्यामुळे चौकातल्या प्रत्येकाला ते लगेच पटलं. मी नऊ वर्षांची होते.

आई पुढे झाली. "आत्याबाई, तो पाय मामंजींनीच तिला करून दिलाय. दर वसंतात देतात."

"मेलेल्या माणसाची साक्ष? छान!" आत्याआजी म्हणाली. "आधीच तुझ्या रक्तातून हा पाय आणलास आमच्या घरात. आता आमचे पूर्वज चुलीत घालायला निघालीस."

हे रक्ताचं ती माझ्या जन्मापासून म्हणत आली होती. आईच्या माहेरी कुणाचाही पाय वाकडा नव्हता. पण सुनेचं माहेर म्हणजे सगळे दोष ठेवायचं गाठोडं.

बाबांचा चेहरा पांढरा पडला होता. "उद्या सकाळी शय्या उचलायची," ते म्हणाले. "गावासमोर बापाविना बाप न्यायचा मी? हिला डोंगरातल्या मेंढवाड्यावर पाठवा. आणि तू," आईकडे न बघता, "विधी झाले की तुझ्या भावाबरोबर माहेरी जा."

आमच्यात नवराबायको तुटले की मुलं बापाची. म्हणजे आई एका दिशेला आणि मी मेंढ्यांमध्ये. मी आईचा पदर मुठीत धरला. तिचा हात माझ्या डोक्यावर होता.

तेवढ्यात दारातून घोगरा आवाज आला, "भाऊ आलाय. पण न्यायला नाही, जेवायला आलोय. उपाशी आहे."

ओपियस मामा! जाडजूड, टकला, दमलेला. रोममध्ये बरीच वर्षं वकिली करून, लोकांच्या खोटेपणाला कंटाळून, गावी येऊन मधमाश्या पाळणारा. आईने घाईघाईने सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग शय्येपाशी गेला आणि आजोबांकडे पाहत उभा राहिला. त्याचं आणि आजोबांचं फार जमायचं. दोघं अंजिराखाली बसून एकमेकांना खोटं ठरवत दुपार घालवायचे.

"उशाशी एकच दिवा?" त्याने विचारलं. "चार कोपऱ्यांना चार असतात ना?"

दुसरा दिवा उचलून पायांकडे ठेवलेला होता. तिथे आता तीन धुमसत होते.

"मीच हलवायला लावला," आत्याआजी म्हणाली. "धुराने डोळे चुरचुरतात माझे." आणि पायांकडच्या आपल्या आसनावर जाऊन बसली. रडणाऱ्या बायका न्हायला किंवा खायला आत गेल्या, तरी ती तिथून हलत नसे.

मामाने मान डोलावली. "वय झालं की होतं असं," तो म्हणाला आणि बाबांकडे वळला. "भावोजी, सकाळपर्यंत वेळ द्या मला. तोवर कुणाला मेंढ्यांकडे पाठवू नका आणि कबुलीसाठी दासांना फटकेही मारू नका."

३

मामाने सुरुवात केली ती बाबांपासून. मी त्याच्या मांडीशी बसले होते. मला उठवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

"मुखवटा शेवटचा कुणी पाहिला?"

"मीच. बाबांनी प्राण सोडला त्या दुपारी. कपाटं उघडली, हार घातले. पाचही जागेवर होते."

"आणि चूल कधी विझवली?"

"हे काय विचारणं झालं? त्याच घटकेला. सुतकाच्या घरात धूर निघतो का कुठे? शेजारी जेवण पाठवतात."

"बरं. नट कुठले आणलेत?"

बाबा जरा चिडले. "चार इथलेच. पाचवा सेपीनमहून. बाबांनी जाताना गळ घातली, माझ्या बाबांचा मुखवटा हिलारसच चढवेल, दुसरा कुणी नाही. नोलात काय नटांचा दुष्काळ पडलाय? पण शेवटची इच्छा, टाळणार कशी!"

सेपीनम म्हणजे डोंगरातलं आमचं मूळ गाव. पणजोबा तिथेच अधिकारी होते आणि तिथेच वारले. आजोबा आणि आत्याआजी तरुणपणी खाली नोलाला आले ते परत गेले नाहीत. बाबांचा जन्म नोलातला. त्यांनी पणजोबांना पाहिलं ते कपाटातच.

मग गावियस काका. हा बाबांचा मावसभाऊ, सदा अत्तर लावून फिरणारा. त्याची एक विधवा बहीण होती, आणि माझ्या बाबांच्या गळ्यात तिची माळ पडावी म्हणून तो केव्हापासून टपून बसला होता.

"माझ्या बहिणीला घरी पाठवलं की तुझी बहीण इथे येणार, असं ऐकतो," मामा सरळच म्हणाला.

"ऐकू येतंय म्हणजे कान शाबूत आहेत!" काका हसला. "हो, मला हवंय तसं. पण मुखवटा मी चोरून काय करू? बिनबापाची यात्रा काढलेल्या घरात माझी बहीण देऊ? गाव हसेल तिला. उलट मीच म्हणतोय, एखादा नवा करून घ्या. म्हातारा कसा दिसायचा हे आठवतंय कुणाला?"

मामाला त्याचं बोलणं आवडलं नाही, पण पटलं. माझ्याकडे झुकून तो म्हणाला, "हलकट आहे, पण खरं बोलतोय."

हिलारस म्हातारा मागच्या अंगणात चणे खात बसला होता. काटकुळा, दातांची वानवा, डोळे मात्र पोराचे.

"मला डोंगर उतरवून आणलं ते एका चेहऱ्यासाठी," तो म्हणाला, "आणि तोच चेहरा गुल! माझं नशीबच नाटकी."

"पणजोबांना पाहिलंयस तू?"

"पाहिलंय? अहो, त्यांच्या पाठीमागून चालत चालतच मी नट झालो. बाजारात त्यांची नक्कल करायचो, लोक खिदळायचे. एकदा त्यांनी गर्रकन वळून पकडलं मला. वाटलं, आता चामडी लोळवतात. तर म्हणाले, 'चुकतोयस. खांदा आधी पडतो, मग पाऊल.' आणि भर बाजारात मला शिकवत बसले!" हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग दाखव ना चालून."

हिलारसने चणे बाजूला ठेवले. "ते नाही जमायचं. मुखवटा असला तर मी ते असतो. मुखवट्याविना मेलेल्या माणसाची चाल काढली तर ती टिंगल होते. तोंडानेही वर्णन करायचं नाही. आमच्यात हे पाप आहे, साहेब. गुरूची शपथ आहे."

मामा उठला तेव्हा त्याच्या कपाळावरची आठी गेली होती. मला म्हणाला, "चल पोरी, आता तुझी साक्ष."

४

अंजिराखाली बसून त्याने तो मेणाचा पाय माझ्या नाकाला लावला. "कसला वास?"

"मधाचा. आणि तुझ्या डोंगरावरच्या रानझुडपांचा."

"माझ्याच पोळ्यांचं मेण. तुझ्या आजोबांना मीच पाठवलं होतं. आता कपाटातल्या मुखवट्यांचा वास?"

"धुराचा. रंगाचा. जुना."

"शाबास. शिवाय ज्या क्षणी मुखवटे मोजले त्याच क्षणी चूल विझली. मग मेण वितळवायला तू विस्तव आणलास कुठून? शय्येजवळचे दिवे तेवढे पेटते, आणि तिथे तुझी आत्याआजी दिवसभर ठाण मांडून. म्हणजे मुखवटा वितळलेला नाही. आहे कुठेतरी अख्खा." त्याने तो पाय उन्हात फिरवला. "हुबेहूब तुझाच आहे गं. करताना माप घ्यायचे का तुझं?"

"नाही. माझ्याकडे बघायचेपण नाहीत. डोळे मिटून करायचे. मी विचारलं तर म्हणायचे, बोटांना पाठ आहे."

मामाने माझा वाकडा पाय आपल्या हातात घेतला आणि असा कुरवाळला की मलाच रडू आलं.

"ज्याने कधी माप घेतलं नाही, करताना बघितलंही नाही, त्याच्या बोटांना तो पाठ कसा?" तो म्हणाला. मला काही कळलं नव्हतं, पण तो उठून चौकाकडे निघालाही होता. मी पाठोपाठ लंगडत धावले.

चौकात सगळे होते. उतरतं ऊन छपराच्या उघड्या भागातून आजोबांच्या छातीवर पडलं होतं. मामाने दिवा उचलणाऱ्या दासाला हाक मारली. "तो पायाशी हलवलेला दिवा परत उशाशी आण. अगदी टेकूला चिकटून ठेव. वात मोठी कर."

"नको!" आत्याआजी ताडकन उभी राहिली.

"का, आत्याबाई? धूर तुम्हाला लागतो म्हणता, पण तीन दिव्यांच्या धुरात तुम्ही स्वतःहून बसलाय. त्रास तुम्हाला नव्हताच. उशाशी असं काहीतरी होतं, ज्याला ऊब सोसत नाही."

दास दिवा घेऊन निघाला होता. आत्याआजीने धावत जाऊन त्याला अडवलं. मग शय्येच्या वळणदार टेकूमागे, जांभळ्या वस्त्राआडच्या पोकळीत तिने हात घातला आणि लोकरीत गुंडाळलेलं काहीतरी काढून छातीशी धरलं. नाक जरासं चेपलं होतं. बाकी पणजोबा सुखरूप होते.

"आत्या?" बाबांचा आवाज चिरकला. "तू?"

मामा खाली बसला, म्हणजे तिच्या पायांशीच. आवाजात आता वकिली नव्हती. "मुखवट्याला पाय नसतात, आत्याबाई. चेहरा कपाटात राहतो, चाल नटाजवळ. या गावात इतकी वर्षं पणजोबांचा नुसता चेहरा होता. उद्या हिलारस चालला असता तर त्यांची चालही आली असती. डावा खांदा आधी पडला असता, मग पाऊल, कडेवर. आणि सगळ्या नोलाला कळलं असतं की या मुलीचा पाय माझ्या घरचा नाही, तुमच्या घरचा आहे. तुमच्या भावाच्या बोटांना आपल्या बापाचा पाय पाठ होता, म्हणूनच त्यांनी हिला उचललं. पण मग ते जन्मभर बोलले का नाहीत, हे मला उलगडत नाही."

"मी शपथ घातली होती त्याला." ती उभ्यानेच बोलत होती, मुखवट्याकडे बघत. "माझं लग्न इथल्या मोठ्या घरात ठरत होतं. असला पाय रक्तात आहे म्हटल्यावर कोण करणार होतं? दादा म्हणाला, मी जिवंत आहे तोवर बोलणार नाही. पाळलं त्याने. जिवंत होता तोवरच पाळलं, लबाड!"

कुणी हसलं नाही.

"पण आत्या, आता तर आतोबाही नाहीत," बाबा म्हणाले. "तुझं लग्न होऊन, संपून गेलं. आता काय बिघडणार होतं?"

रडणाऱ्या बायकासुद्धा थांबल्या होत्या.

"मला मुलगा झाला होता," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यासमोर जमिनीवर ठेवला त्याला. डावाच पाय. नवऱ्याने विचारलं, तुमच्यात कुणाचा आहे का असा? मी म्हटलं, नाही. हो म्हटलं असतं, माझ्या बापाचा आहे आणि तो गावाचा अधिकारी आहे म्हटलं असतं, तर उचलला असता त्याने. वाईट नव्हता तो. मी नाही म्हटलं." तिने मुखवटा आणखी घट्ट धरला. "उद्या बाबा चालत आले असते ना रस्त्याने, तर सगळ्यांना दिसलं असतं की असा मुलगा मोठा होऊन काय होतो. मला दिसलं असतं. म्हणून म्हटलं, दादाबरोबर चितेत जाऊ देत. मोडायला हात नाही धजावला."

मी तिचा इतका राग करत होते. त्या क्षणी तो राग कुठे गेला ते मला आजही सांगता येणार नाही.

बाबांनी तिच्या हातातून मुखवटा अलगद घेतला. चेपलेल्या नाकावरून अंगठा फिरवला आणि हाक मारली, "हिलारसला आत बोलवा." मग पहिल्यांदा आईकडे सरळ पाहिलं. "उद्या माझ्या शेजारी चाल. आणि परवाही इथेच राहा, राहशील तर."

"बघते," आई म्हणाली. एवढंच.

५

सकाळी पावे-कर्णे वाजायला लागले आणि आम्ही निघालो. पुढे कंजूष, मग भांडकुदळ, मग देवभोळा, चौथे पणजोबांचे चुलते. सगळे ताठ. आणि शेवटी, शय्येच्या अगदी पुढे, जांभळ्या काठाच्या झग्यात पणजोबा.

खांदा पडला, मग पाऊल. खांदा, मग पाऊल. त्यात लाज नव्हती की घाई नव्हती. असा चालत होता तो, जणू वाट त्याच्यासाठी थांबणारच आहे.

कडेला उभी गर्दी आधी कुजबुजली. कुठूनतरी एक हसण्याचा आवाज आला आणि मध्येच विरला, कारण दवंडीवाला पणजोबांनी भूषवलेली पदं मोठ्याने सांगत होता. लोक पायाकडे बघत, मग माझ्याकडे बघत, आणि एकमेकांना कोपराने ढोसत. शय्या उचलणाऱ्यांना पणजोबांच्या मागेच राहावं लागत होतं, त्यामुळे त्यांनी पावलं आखडली. त्यांच्यामागे बाबा, आई, मामा, गावियस काका, सगळी यात्रा हळू झाली. मी तोवर कुठल्याही मिरवणुकीत मागे पडत आले होते, नाहीतर कुणाच्यातरी खांद्यावर. त्या दिवशी नोलाच्या हमरस्त्यावर मला धावावं लागलं नाही.

गावच्या चौकाच्या वळणावर आत्याआजी बायकांच्या रांगेतून बाहेर पडली. पांढरे केस मोकळे, पायांत काही नाही. ती सरळ पुढे गेली, शय्येला मागे टाकून, पणजोबांच्या अगदी मागे. मला वाटलं, आता काहीतरी वेडंवाकडं करते. मी आईचा हात सोडून तिच्या मागे गेले.

ती त्या पायाकडे बघत चालली होती. "बाबा," ती म्हणाली. अगदी हळू, लहान मुलीसारखी. "थांबा ना."

नटाने तोंडातून अवाक्षर काढलं नाही, मान वळवली नाही. चालता चालता त्याने फक्त डावा हात मागे केला, तळवा उघडा. नंतर मी हिलारसला विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? तो म्हणाला, कुणी नाही, बाजारात त्यांची छोटी मुलगी मागे राहिली की ते असंच करायचे.

आत्याआजीने तो हात धरला. मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं. थोरल्या स्ताइयाने आपला दुसरा हात माझ्यापुढे केला आणि म्हणाली, "चल गं. तुला जमेल तसं चल."